घराबाहेरचा पहिला रस्ता

दहा ते तेरा या वयाला मराठीत स्वतःचे असे नाव नाही. 'बाल' हा शब्द त्याच्या अंगाला तोकडा होतो आणि 'कुमार' काहीसा सैल पडतो. म्हणून दोन्ही शब्द जोडून 'बालकुमार' असा सामासिक तोडगा काढण्यात आला. संमेलनांच्या आणि संस्थांच्या नावांत तो रुळला असला, तरी त्यातील अनिश्चितता लपत नाही. हे वय उंबरठ्यावरचे आहे. बडबडगीते मागे पडलेली असतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या हाती द्यायला घरातली माणसे अजून तयार नसतात, आणि वाचनाची भूक मात्र पुढे आयुष्यात क्वचितच लागेल एवढी तीव्र असते. ताटाशेजारी पुस्तक उघडे ठेवणारा, चार हाका मारूनही 'ओ' न देणारा, दिवा मालवण्याची वेळ टळून गेली तरी प्रकरण पुरे करू पाहणारा वाचक याच वयाचा. त्याला जे पुस्तक सर्वांत घट्ट धरून ठेवते, ते बहुधा साहसाचे किंवा अद्भुताचे असते.

मराठी समीक्षेने या वाङ्मयाची दखल घेतली ती प्रामुख्याने दोन निकषांवर. पहिला निकष संस्कारांचा: पुस्तक वाचून मूल अधिक सत्यनिष्ठ, अधिक आज्ञाधारक, अधिक देशप्रेमी होते काय? दुसरा रंजनाचा: त्याची सुटी सुखात जाते काय? पहिल्या निकषाने साहसकथा संशयास्पद ठरते, कारण तिचा नायक आज्ञा मोडल्याखेरीज नायक होत नाही. दुसऱ्या निकषाने ती क्षुल्लक ठरते, कारण सुटी संपली की तिचे कामही संपते. दोन्ही निकषांतून निसटते ती या प्रकाराची अंतर्रचना. साहसकथेत कोणीतरी घर सोडते. वडीलधारी माणसे दूर होतात, आजारी पडतात किंवा मरतात. निर्णयाची पाळी ज्याच्यावर येते, त्याने आजवर स्वतःचा असा कोणताही मोठा निर्णय घेतलेला नसतो. अखेरीस तो परततो, किंवा परतण्याजोगे घर उरलेले नाही हे त्याला कळते. भीती आणि जबाबदारी यांची ही पहिली ओळख असते. ती ज्या भाषेत होते, त्या भाषेशी माणसाचे नाते पुढे कसे राहते, हा प्रश्न साहित्यविचाराच्या परिघाबाहेर ठेवण्याइतका किरकोळ नाही.

या प्रकारातील एका विख्यात पुस्तकाची जन्मकथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १८८१च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार या गावी, पावसाने घरात कोंडून घातलेल्या दिवसांत, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने एका कल्पित बेटाचा नकाशा काढून रंगवला. सोबतीला बारा-तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड ऑस्बोर्न होता. आधी नकाशा झाला आणि त्या नकाशातून माणसे, जहाज व खजिना वर आले. गोष्टीत बायका नकोत ही अट त्या मुलाची. आणि खलाशाच्या पेटीत काय काय सापडावे याची यादी लेखकाच्या वृद्ध वडिलांनी उत्साहाने करून दिली. तीन पिढ्यांच्या खेळातून जन्मलेली ही कथा १८८१-८२मध्ये 'यंग फोक्स' या साप्ताहिकातून टोपणनावाने क्रमशः आली आणि १८८३मध्ये 'ट्रेझर आयलंड' हे पुस्तक झाले. दरम्यान मूळ नकाशा गहाळ झाला व तो नव्याने काढावा लागला. या दुसऱ्या नकाशात स्टीव्हन्सनला आपले बेट कधीच सापडले नाही.

जन्म खेळातून झाला म्हणून कथा खेळकर राहिली असे मात्र नाही. जिम हॉकिन्सचे वडील आरंभीच वारतात. पुढे त्याला सर्वांत जिव्हाळ्याने वागवणारा माणूस लाँग जॉन सिल्व्हर हाच सर्वांत धोकादायक निघतो, आणि धोकादायक ठरल्यावरही त्याचा जिव्हाळा पुरता खोटा होता असे म्हणवत नाही. संस्कारकथेतला दुष्ट माणूस दुरून ओळखू येतो. येथे तो जवळून पाहूनही ओळखू येत नाही, आणि ओळखल्यावर त्याच्याविषयीची ओढ संपत नाही. बाराव्या वर्षी एवढी अवघड गोष्ट मुलाला दुसरे कोण सांगते? कादंबरीच्या अखेरीस खजिना हाती आलेला असतो. तरी त्या बेटावर पुन्हा पाऊल ठेवायचे नाही असे जिमने ठरवलेले असते, कारण बेट त्याच्या झोपेत शिरलेले आहे.

परतण्याला किंमत पडते, ही या प्रकाराची खूण अद्भुतकथेतही आढळते. २१ सप्टेंबर १९३७ रोजी जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द हॉबिट' ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ती छापावी की नाही याविषयीचा अभिप्राय प्रकाशक स्टॅनली अन्विन यांनी आपला दहा वर्षांचा मुलगा रेनर याच्याकडून घेतला होता आणि त्याचा मोबदला म्हणून त्याला एक शिलिंग दिला होता. पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल असे त्या दहा वर्षांच्या परीक्षकाने लिहून दिले. स्वतः त्या वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाचा तो तोरा होता! कथेचा नायक बिल्बो हा सुखवस्तू, बिळात राहणारा, जेवणाच्या वेळा पाळणारा जीव. ड्रॅगनच्या गुहेपर्यंत जाऊन तो परततो तेव्हा त्याच्या घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव चाललेला असतो. गावाने त्याला मृत ठरवलेले असते. चमचे काही परत मिळत नाहीत, आणि प्रतिष्ठा तर नाहीच नाही. या वाङ्मयावर पलायनवादाचा आरोप करणाऱ्यांनी हा लिलाव जरूर आठवावा. पळून गेलेल्याला परतीचा हिशोब द्यावा लागत नाही. साहसकथेचा नायक तो देतो.

मात्र या प्रकाराचा इतिहास निष्पाप नाही. युरोपीय साहसकथा बहरली ती युरोपचे नकाशे दुसऱ्यांच्या भूमीवर पसरत असताना. खजिन्याचे बेट निर्मनुष्य असते, किंवा तेथील माणसे निसर्गाचाच एक धोकादायक भाग म्हणून येतात. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या भारतीय मुलाने या कथा आसुसून वाचल्या आणि वाचताना तो नकळत जहाजावरच्या बाजूला उभा राहिला. किनाऱ्यावर, झाडीआड कोण उभे आहे हे त्याला दिसले नाही, कारण कथेनेच ते दाखवले नव्हते. आपल्यासारखा दिसणारा माणूस पुस्तकात आलाच, तर तो हमाल, वाटाड्या, जादूटोणा करणारा किंवा विश्वासू नोकर म्हणून येई. साहसाची चव तर लागली, पण ती दुसऱ्याच्या तोंडाने घ्यावी लागली.

या चित्राला एक विलक्षण अपवाद ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या हातून घडला. समुद्राखाली पाणबुडीतून हिंडणारा त्याचा कॅप्टन निमो १८६९-७०मध्ये प्रथम वाचकांसमोर आला तेव्हा त्याचे राष्ट्र गुलदस्तात होते. व्हर्नच्या मनात तो रशियाने चिरडलेल्या पोलंडचा उमराव होता. पण प्रकाशक हेत्झेल याने या कल्पनेला हरकत घेतली आणि निमो निनावी राहिला. १८७४-७५च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये त्याची ओळख उलगडली: तो बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र डक्कार, नात्याने टिपू सुलतानाचा भाचा, १८५७च्या उठावात लढलेला आणि त्यात सर्वस्व गमावलेला. जगातील अत्यंत प्रगत यंत्राचा निर्माता, समुद्राइतका एकाकी, इंग्रजांच्या साम्राज्याशी उभा दावा मांडलेला हा नायक भारतीय निघावा, ही गोष्ट मुलांच्या वाचनाच्या इतिहासात लहान नाही. तरीही निमो घरी परतत नाही. त्याला भाषा नाही, गाव नाही; अखेर त्याची पाणबुडी हीच त्याची शवपेटी होते. भारतीय साहसवीर जन्माला आला तो निर्वासित म्हणूनच.

घर असलेला, घर सोडणारा आणि घरी परतणारा नायक भारतीय भाषांनाच घडवावा लागणार होता. 'द हॉबिट' प्रसिद्ध झाली त्याच १९३७ साली बंगालीत 'चाँदेर पाहाड' हे पुस्तक आले. लेखक विभूतिभूषण बंद्योपाध्याय, 'पथेर पांचाली'चे कर्ते. खेड्यातल्या बांबूच्या बनाची आणि पायवाटेची नोंद ज्या लेखणीने इतक्या मायेने केली, तिनेच आफ्रिकेतील ज्वालामुखी, कालाहारीचे वाळवंट आणि रिश्टर्सव्हेल्डचे डोंगर मुलांपुढे उभे केले. विभूतिभूषण आफ्रिकेला कधी गेले नव्हते. प्रवाशांच्या ग्रंथांवरून त्यांनी तो भूगोल रचला. त्यांचा शंकर हा बंगालच्या खेड्यातला तरुण. परीक्षा झालेली, घरची ओढगस्त, आणि पुढे तागाच्या गिरणीतली नोकरी वाढून ठेवलेली. त्या नोकरीच्या विचाराने त्याचा जीव गुदमरतो. १९०९च्या सुमारास युगांडा रेल्वेत काम मिळताच तो निघतो.

ही रेल्वे लेखकाच्या कल्पनेतली नव्हे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत ती बांधण्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे २,५०० तेथेच मृत्यू पावले. १८९८मध्ये त्सावो येथे नरभक्षक सिंहांनी मजुरांच्या छावण्यांवर घातलेल्या धुमाकुळाची हकिकत जगभर गाजली. इंग्रजीतल्या त्या हकिकतीचा नायक बंदूकधारी साहेब होता. मरणारे मजूर ही संख्या होती. विभूतिभूषणांनी या छावणीत एक बंगाली कारकून आणि त्याचा दाक्षिणात्य मित्र तिरुमल आप्पा यांना आणले. सिंह तिरुमलला ओढून नेतो तेव्हा वाचकाला प्रथमच मेलेल्याचे नाव ठाऊक असते. संख्येतला एक जण माणूस झाला, हे या पुस्तकाने केलेले मोठे काम होय.

पुढे शंकरला दिएगो अल्वारेझ हा वृद्ध पोर्तुगीज शोधक भेटतो, हिऱ्यांच्या खाणीचा ध्यास दोघांनाही लागतो, आणि अल्वारेझ त्या डोंगरातच प्राण गमावतो. एकटा उरलेला शंकर एका गुहेत वाट चुकतो. परतीची खूण म्हणून तो वाटेवरचे खडे वेचून टाकीत जातो. पुष्कळ पुढे त्याला उमगते की ते खडे म्हणजेच हिरे होते; ज्या खाणीसाठी मित्र मेला, त्या खाणीत तो उभा होता आणि त्या वेळी त्याला फक्त बाहेर पडायचे होते. मुलांसाठी लिहिलेल्या कथेत इतका कठोर आणि इतका प्रांजळ विनोद क्वचित आढळतो. खजिना सापडला की नाही, याचे उत्तर विभूतिभूषण होय असेही देत नाहीत आणि नाही असेही देत नाहीत. वाट शोधणाऱ्याला खड्याची किंमत वाटेपुरती असते, एवढेच ते दाखवतात.

म्हणून या पुस्तकाच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. आफ्रिकेची माणसे येथेही बहुतेक वेळा हमाल, वाटाडे आणि दंतकथांचे वाहक म्हणून पार्श्वभूमीला राहतात. शेवटी शंकर ज्वालामुखीला आपल्या मृत मित्राचे नाव देतो. त्या कृतीत कृतज्ञता आहे. पण दुसऱ्याच्या डोंगराला नाव देण्याचा अधिकार आपल्याला आहे हे गृहीतही आहे, आणि ते गृहीत साम्राज्याच्या शाळेतलेच आहे. पारतंत्र्यातील मुलाला नायकपद हवे होते. ते त्याला मिळाले तेव्हा नायकाच्या पोशाखाबरोबर त्याच्या काही सवयीही चालत आल्या. स्वतंत्र भारतातील वाचकाने हे पुस्तक प्रेमाने वाचावे आणि डोंगराचे मूळ नाव काय असेल, हाही प्रश्न विचारावा.

अद्भुताच्या वाटेने गेलेल्या बंगाली लेखकांना ही अडचण आली नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३मध्ये 'संदेश' हे मुलांचे मासिक काढले आणि १९१५मध्ये त्यात 'गुपी गाइन ओ बाघा बाइन' ही कथा लिहिली. बेसूर गाणारा एक, बेताल वाजवणारा दुसरा. दोघांनाही लोकांनी हाकलून दिलेले. रानात त्यांना भुते भेटतात आणि भुतांनाच त्यांचे संगीत आवडते! मिळालेल्या देणग्याही पाहण्याजोग्या आहेत: पोटभर अन्न, हवे तेथे जाण्याची सोय आणि ऐकणाऱ्याला जागच्या जागी खिळवणारे गाणे. यांत तलवार नाही. उपेंद्रकिशोरांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९मध्ये या कथेवर चित्रपट केला, तेव्हा युद्धाला निघालेले उपाशी सैन्य आकाशातून उतरलेल्या मिठाईकडे धावते आणि लढाई होतच नाही. पराक्रम म्हणजे शत्रूला मारणे, हे समीकरण साहसकथेला अनिवार्य नाही, याचा हा प्रसन्न पुरावा आहे. अमेरिकेत अर्सुला ल ग्विन यांनी १९६८च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये वेगळ्या मार्गाने हेच साधले. त्यांचा गेड हा सावळ्या वर्णाचा मुलगा आपल्याच गर्वातून सुटलेल्या छायेपासून पळतो आणि अखेर वळून तिला स्वतःचेच नाव देतो. त्या जगात वस्तूचे खरे नाव ज्याला कळले त्यालाच तिच्यावर सत्ता मिळते. भाषेविषयी मुलांना सांगण्यासारखे याहून अधिक थोडेच असेल.

मराठीत या वाङ्मयाचा प्रवाह अडखळत वाहिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी मुलाला साहस हवे असे तेव्हा तो मोठ्यांच्या कपाटातून नाथमाधवांची 'वीरधवल' किंवा गो. ना. दातारांच्या रेनॉल्ड्सवरून बेतलेल्या कादंबऱ्या पळवी. भुयारे, मुखवटे, गुप्त पत्रे यांनी भरलेले ते जग त्याच्यासाठी लिहिलेले नव्हते. त्याने ते आपले करून घेतले. त्याच्यासाठी म्हणून जे लिहिले गेले, त्याचा मध्य मात्र घर हाच राहिला. १९०६पासून निघालेल्या 'आनंद' मासिकाने पिढ्या घडवल्या. ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्याने आणि चिंगीने मराठी मुलांना आपल्या घरातले हसू दिले. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने १९३५मध्ये जे दिले त्याचे ऋण फिटणारे नाही. परंतु श्यामचे जग आईच्या दृष्टीच्या टप्प्यात आहे. तो चुकतो, रडतो, सुधारतो, ते सारे तिच्या देखत. आईच्या नजरेआड गेलेल्या मुलाचे पुस्तक मराठीला अजून हवे होते.

ती उणीव ओळखून आयुष्यभर काम केले ते भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी. व्हर्न आणि वेल्स यांच्या कथा त्यांनी मराठीत आणल्या, आणि आणताना भाषेचा विचार मुलाच्या बाजूने केला. धूमकेतूवर जाऊन पडलेल्या माणसांची व्हर्नची कादंबरी त्यांनी 'मुक्काम शेंडेनक्षत्र' या नावाने दिली. 'धूमकेतू' हा शब्द पंचांगातला आणि पाठ्यपुस्तकातला. 'शेंडेनक्षत्र' हा अंगणात उभे राहून आकाशाकडे बोट दाखवणाऱ्या आजीच्या तोंडचा. शिवाय 'मुक्काम' म्हणजे पत्रावरच्या पत्त्यातला पहिला शब्द. अथांग अवकाशातला तो गोळा या दोन शब्दांनी तालुक्यातल्या गावाइतका जवळ आला. अनुवादकाने अशी निवड करणे म्हणजे मुलाला सांगणे आहे की, तू कितीही दूर गेलास तरी तुझी भाषा तेथवर पोहोचते.

भागवतांचे याहून मोठे देणे म्हणजे बनेश फेणे. फुरसुंगी गावचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, काडीसारखा किडकिडीत, जिभेने 'ट्टॉक' असा आवाज काढणारा आणि सायकलवर स्वार होऊन संकटाच्या दिशेने सुटणारा हा फास्टर फेणे. सुमारे वीस पुस्तकांतून तो धावला. प्रतापगडावर गेला, चक्रीवादळात सापडला, काश्मीरपर्यंत पोहोचला. शंकरला साहसासाठी समुद्र ओलांडावा लागला होता. फेणेला पुण्यातला एखादा बोळ पुरतो. हा फरक केवळ अंतराचा नाही. त्याच्या साहसात दुसऱ्या कोणाची भूमी जिंकायची नसते, नाव द्यायला डोंगर नसतो. आपल्याच शहरात कोणीतरी खोटेपणा करीत आहे एवढे त्याला दिसते, आणि मोठी माणसे लक्ष देत नाहीत म्हणून त्याला धावावे लागते. साम्राज्याकडून आलेल्या वाङ्मयप्रकाराला भागवतांनी सायकलवर बसवून घरी आणले. त्याची भाषा पाहावी: ती धापा टाकते, अडखळते, ओरडते, विनोद करते. मराठी गद्याला भीतीच्या क्षणी कसे बोलावे हे ठाऊक आहे, असा विश्वास ती वाचकाला देते.

अर्थात फेणेचे जगही पुरते भरलेले नव्हते. नायक मुलगा, तो शहरातल्या शाळेचा, आणि त्याच्या घरी सायकल आहे. लॉइड ऑस्बोर्नने घातलेली अट जगभर फार काळ पाळली गेली. मुलींनी या कथा वाचल्या त्या मुलगा होऊन. दहा वर्षांच्या मुलीला संध्याकाळनंतर घराबाहेर पडू न देणाऱ्या समाजात तिच्यासाठी लिहिलेली साहसकथा ही क्षुल्लक करमणूक कशी म्हणावी? रोज तीन-चार किलोमीटर चालून शाळेत जाणाऱ्या खेड्यातल्या मुलाच्या वाटेवर ओढा असतो, पूर असतो, अंधार असतो. त्याचे साहस मराठीत रोज घडते आणि क्वचित लिहिले जाते. १९७१मध्ये सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाने अशा मुलांपर्यंत पोहोचण्याची वाट तयार केली. त्या वाटेवरून लांब पल्ल्याच्या कादंबऱ्या मात्र थोड्याच चालत आल्या. २०१७मध्ये फास्टर फेणे चित्रपटात आला तेव्हा तो बारा वर्षांचा राहिला नव्हता, तरुण झाला होता. बारा वर्षांच्या मुलाच्या हिमतीवर मोठ्यांचा विश्वास कमी झाल्याची ही खूण मानावी काय, याचा विचार व्हावा.

कारण मधल्या काळात परिस्थिती पालटली आहे. १९९७मध्ये हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक आले आणि दहा-अकरा वर्षांच्या नायकाच्या हाती जगातली सर्वांत मोठी संकटे देता येतात हे साऱ्या जगाला पुन्हा पटले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती पुस्तके आली. परंतु मराठी घरांतली बरीच मुले ती इंग्रजीतच वाचतात, कारण त्यांची शाळा इंग्रजी आहे. त्यात गैर काही नाही. परभाषेतले उत्तम पुस्तक वाचणे हे भाग्यच. प्रश्न उरतो तो वाटणीचा. जेवायला हाक मारायची, रागवायचे, देवापुढे हात जोडायला सांगायचे ते मराठीत. आणि घर सोडून अंधारात पाऊल टाकायचे, मित्रासाठी जीव धोक्यात घालायचा, विश्वासघात ओळखायचा तो इंग्रजीत, अशी वाटणी त्या मुलाच्या मनात नकळत होते. मातृभाषा त्याला प्रिय राहते, पण ती उपदेशाची आणि मायेची भाषा होऊन बसते. धैर्याची भाषा दुसरीच ठरते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांत हा अनुभव जुना आहे, कारण तेथे उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताच दुसरी भाषा सुरू होते. आता मुंबई-पुण्याचे उंबरठेही तसेच झाले आहेत. जी भाषा घरातच राहते ती कालांतराने घरातल्या वृद्धांबरोबर म्हातारी होते.

यावर उपाय म्हणून घोषणा निरुपयोगी आहेत; उपाय पुस्तकांचाच असू शकतो. साहित्य अकादेमीने २०१०पासून प्रत्येक भारतीय भाषेतील बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देण्यास आरंभ केला, ही त्या वाङ्मयाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. परंतु पुरस्कार लेखकाला मिळतो. मुलाला पुस्तक मिळावे लागते. एका भारतीय भाषेतील साहस दुसऱ्या भाषेतील मुलाला सहज मिळेल अशी रहदारी या वयासाठी फार विरळ आहे. बंगाली मुलाच्या हाती फेणेची सायकल द्यावी, मराठी मुलाला शंकरबरोबर गुहेत वाट चुकू द्यावे, आणि हे अनुवाद 'शेंडेनक्षत्र' या शब्दाची निवड करणाऱ्याच्या कानाने व्हावेत. त्याचबरोबर मराठीत नवे कोणीतरी घराबाहेर पडावे: कदाचित एखादी मुलगी, कदाचित सह्याद्रीतल्या वाडीवरून, कदाचित दूरच्या परप्रांतातल्या मराठी घरातून. तिच्या आईची नजर काही प्रकरणांपुरती दुसरीकडे वळलेली असावी. तिने वाट चुकावी, तिला भीती वाटावी, आणि त्या भीतीत तिच्या ओठांवर जो शब्द येईल तो मराठी असावा.